घरावर अचानक संकट आलं आणि फी अडली? कोकणातल्या कॉलेज विद्यार्थ्यांसाठी तातडीच्या मदतीचा मार्ग

सत्र चालू असताना घरातलं कमावतं माणूस जातं, दुकानात पुराचं पाणी शिरतं, बोट फुटते किंवा आईचं मोठं ऑपरेशन निघतं. अशा वेळी घरातलं कोणीतरी मोठं माणूस म्हणतं, "यंदा राहू दे कॉलेज, पुढल्या वर्षी बघू." ते पुढलं वर्ष बहुतेकांच्या बाबतीत येत नाही, हे आपल्याकडच्या प्रत्येक वाडीत दिसतं. म्हणून नाव काढून घेण्याआधी हा लेख वाचा.

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं तेव्हा वडिलांचं शिलाईचं दुकान त्यात गेलं. माझं पदवीचं दुसरं वर्ष चालू होतं. पुढचं वर्षभर मदतीसाठी ज्या टेबलांवर फिरावं लागलं, त्यातून जे कळलं ते इथे लिहितोय. रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातल्या, मुंबई विद्यापीठाशी संलग्न कॉलेजांना हे जवळजवळ जसंच्या तसं लागू आहे. लोणेरेचं तंत्रशास्त्र विद्यापीठ किंवा दापोलीचं कृषी विद्यापीठ असेल तर टेबलांची नावं बदलतात, कागद तेच लागतात.

एक गोष्ट आधीच डोक्यात पक्की करा. "विद्यार्थ्यांसाठी तातडीचं अनुदान" अशी पाटी लावलेली एक खिडकी कुठेच नाही. शिष्यवृत्ती ठरलेल्या वेळापत्रकाने येते आणि बसलात नियमात तर मिळते. तातडीची मदत कोणाच्या तरी अधिकारातली असते. कधी प्राचार्यांच्या, कधी संस्थाचालकांच्या, कधी तहसीलदारांच्या. त्या माणसाला सही करणं सोपं जाईल अशी फाईल बनवणं हे तुमचं काम. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्यासाठीच आहेत.

१. पहिल्या आठवड्यात फक्त कागद जमवा

दुःखात कागदांचं भान राहत नाही आणि ते साहजिकच आहे. पण काही कागद नंतर मिळतच नाहीत किंवा मिळवताना घाम फुटतो. घरात ज्याचं डोकं त्यातल्या त्यात शांत आहे, त्या काका-मामाला किंवा मित्राला हे काम सोपवा.

*पूर, वादळ, दरड:* पंचनामा झालाच पाहिजे. तलाठी (पदाचं नाव आता ग्राम महसूल अधिकारी झालंय, पण तलाठी म्हटलं तरी कळतं) येण्याआधी चिखल काढायची घाई सगळ्यांनाच असते. काढा, पण आधी फोटो आणि व्हिडिओ घ्या. भिंतीवरची पाण्याची खूण, भिजलेला माल, मोडलेलं सामान, मागे घराचा नंबर किंवा दुकानाची पाटी दिसेल असे. पंचनाम्यात सगळ्या वस्तू आल्यात का ते सही करण्यापूर्वी वाचा आणि प्रत मागून घ्या. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या विद्यार्थ्याचं नुकसान घरमालकाच्या पंचनाम्यात सहसा येत नाही, तेव्हा वेगळी नोंद करायला सांगा. दुकानाचा परवाना आणि भाडेपावती यांना त्या वेळी सोन्याची किंमत येते. २०२१ च्या पुरात दुकानदारांना नुकसानीच्या ७५ टक्के, कमाल ५० हजारांपर्यंत मदत जाहीर झाली होती आणि कागदावर नसलेली दुकानं तिथेच अडकली.

*मृत्यू:* ग्रामपंचायतीत किंवा नगरपरिषदेत २१ दिवसांच्या आत नोंद करा. दाखल्याच्या भरपूर प्रती एकदमच घ्या, कारण बँक, विमा, तहसील आणि कॉलेज प्रत्येकाला वेगळी लागते. दाखल्यावरचं नाव आणि आधारवरचं नाव अक्षरन् अक्षर जुळतंय का ते तिथेच, खिडकीवर उभं राहून बघा. "चंद्रकांत" आणि "चंद्रकात" एवढ्या फरकावर फाईल परत येते.

*अपघात:* पोलीस ठाण्यातली नोंद, घटनास्थळाचा पंचनामा, मृत्यू झाला असेल तर शवविच्छेदन अहवाल. आंब्यावरून किंवा माडावरून पडणं, सर्पदंश, वीज पडणं, नदीत वाहून जाणं या घटना आपल्याकडे "नशीब" म्हणून सोडून दिल्या जातात आणि पोलिसात नोंदच होत नाही. नोंद नसली की पुढची एकही योजना उघडत नाही.

*आजारपण:* डिस्चार्ज कार्ड, बिलं आणि रुग्णालयाच्या लेटरहेडवर डॉक्टरांच्या सही-शिक्क्याचं खर्चाचं अंदाजपत्रक. औषधांची चिठ्ठी पुरत नाही.

*तुमचेच कागद वाहून गेले असतील तर:* पोलीस ठाण्यात गहाळ झाल्याची तक्रार द्या, तिची प्रत जपून ठेवा. मग डिजिलॉकर उघडा. दहावी-बारावीच्या गुणपत्रिका तिथे मिळतात. दुय्यम प्रत हवीच असेल तर रत्नागिरी आणि सिंधुदुर्गासाठी रत्नागिरीचं कोकण विभागीय मंडळ. रायगडवाल्यांना मुंबई विभागाकडे जावं लागतं. शाळा सोडल्याचा दाखला शाळेतूनच मिळेल.

२. फीची पावती काढा आणि ओळीने वाचा

हे कोणी करत नाही. कॉलेजच्या फीच्या पावतीवर ट्यूशन फी आणि प्रयोगशाळा शुल्काच्या खाली छोट्या छोट्या रकमांची रांग असते. विद्यार्थी कल्याण निधी, कुलगुरू निधी, आपत्ती निवारण निधी, समूह विमा. प्रत्येक विद्यार्थ्याकडून घेतलेले दहा, वीस, पन्नास रुपये. हे तुमचेच पैसे आहेत आणि ते कशासाठी घेतले जातात, हे विचारण्यात लाज वाटण्यासारखं काहीच नाही.

पावती हातात घेऊन कॉलेजच्या कार्यालयात तीन गोष्टी विचारा. एक, विद्यार्थी कल्याण किंवा विद्यार्थी सहाय्य निधीतून मदत कशी मागायची. दोन, समूह विम्यात काय काय येतं आणि दावा किती दिवसांत करायचा असतो. अपघात तुमचाच झाला असेल तर हा प्रश्न पहिला. तीन, संस्थेचा स्वतःचा गरीब विद्यार्थी निधी किंवा माजी विद्यार्थी संघाचा काही निधी आहे का.

तिसरा प्रश्न सगळ्यात कामाचा. आपल्याकडची बरीच कॉलेजं जुन्या शिक्षणसंस्थांची आहेत आणि तिथे कोणीतरी आईच्या किंवा वडिलांच्या नावाने ठेवलेली ठेव असते. तिचं व्याज दरवर्षी एखाद्या विद्यार्थ्याला द्यायचं असतं. कुठल्याच फलकावर हे लिहिलेलं नसतं. हेडक्लार्कना माहीत असतं.

३. योग्य माणूस शोधा

थेट प्राचार्यांच्या केबिनबाहेर उभं राहण्याआधी एनएसएसच्या कार्यक्रम अधिकाऱ्यांना किंवा विद्यार्थी विकासाचं काम बघणाऱ्या प्राध्यापकांना भेटा. पूर आला की मदतीची यादी करायला हीच मंडळी असतात, विद्यापीठाचं परिपत्रक आलं की आधी यांच्याकडे येतं. वर्गशिक्षकांनाही सांगा. हजेरीची अडचण पुढे येणारच आहे आणि कारण आधी कळलेलं असलं तर तो प्रश्न तिथेच मिटतो.

विद्यापीठ पातळीवरचा अर्ज विद्यार्थी विकास विभागाकडे जातो, पण तो कॉलेजमार्फत, प्राचार्यांच्या शिफारशीसह जायला हवा. स्वतः मुंबईला जाऊन हातात दिलेला अर्ज "कॉलेजकडून पाठवा" म्हणून परत मिळतो. गाडीभाडं वाया.

४. किती हवेत तो आकडा काढा

"सर, काहीतरी मदत करा" या वाक्यावर कोणीही सही करू शकत नाही. एका कागदावर लिहा: सत्राची बाकी फी, परीक्षा शुल्क, मेस किंवा खोलीभाडं, एसटीचा पास, पुस्तकं. समोर लिहा: घरातून किती येतील, तुमच्याकडे किती आहेत. जो फरक उरतो तो तुमचा आकडा.

मग तो आकडा कमी करायला बघा. एसटीच्या मासिक पासात विद्यार्थ्यांना ६६.६७ टक्के सवलत असते. मुंबई-पुण्याहून घरी परतून आता रोज ये-जा करणार असाल तर लगेच काढा. पुस्तकं ग्रंथालयाच्या बुक बँकेतून मिळतात. कॉलेजात "कमवा आणि शिका" असेल तर नाव द्या, ग्रंथालयात दोन तास बसून मेसचा काही भाग निघतो.

आणि रोख रक्कम मागण्यापेक्षा मुदत आणि हप्ते मागणं कितीतरी सोपं असतं. निधीतून पाच हजार काढायला समिती बसवावी लागते, फी दोन हप्त्यांत घ्यायला प्राचार्यांची एक ओळ पुरते. म्हणून दोन्ही मागा. माझ्या बाबतीत पहिली मदत पैशांची नव्हतीच. कॉलेज तेव्हा ऑनलाइन होतं, फोन पाण्यात गेला होता आणि लेक्चर बुडत होती. एका प्राध्यापकांनी घरात पडून असलेला जुना फोन दिला. वस्तूची गरज असेल तर वस्तूच मागा, माणसं ती पटकन देतात.

५. अर्ज असा लिहा

एक पान. हाताने लिहिलेला चालतो. कहाणी चार ओळींत, मागणी आकड्यात. नमुना देतोय, रिकाम्या जागा भरून वापरा:

> प्रति,
> मा. प्राचार्य, ……… महाविद्यालय, ………
>
> विषय: कौटुंबिक आपत्तीमुळे विद्यार्थी सहाय्य निधीतून मदत व उर्वरित फी हप्त्यांनी भरण्याची परवानगी मिळणेबाबत.
>
> महोदय,
> मी ………, वर्ग ………, हजेरी क्रमांक ………. दि. ……… रोजी माझ्या वडिलांचे ……… मुळे निधन झाले. आमच्या कुटुंबात ते एकटेच कमावते होते. चालू सत्राच्या फीपैकी रु. ……… भरणे बाकी असून परीक्षा अर्जाची मुदत दि. ……… रोजी संपत आहे. यापैकी रु. ……… ची व्यवस्था मी केली आहे.
> तरी रु. ……… इतकी मदत मिळावी, तसेच उरलेली रक्कम दि. ……… व दि. ……… रोजी दोन हप्त्यांत भरण्याची परवानगी मिळावी, ही नम्र विनंती.
>
> सोबत: मृत्यू दाखला, शिधापत्रिका, मागील वर्षाची गुणपत्रिका, फीची पावती, बँक पासबुकाचे पहिले पान, आधार (सर्व स्वसाक्षांकित प्रती).

"व्यवस्था मी केली आहे" ही ओळ गाळू नका. रक्कम पाचशे असली तरी लिहा.

अर्जाच्या दोन प्रती न्या. एक द्या, दुसरीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या. "ठेवा इथे, बघतो" म्हटलं तरी शिक्का घेतल्याशिवाय हलू नका. पुढे कुणी "तुमचा अर्जच आला नाही" म्हणालं तर तो शिक्काच तुमच्या बाजूने बोलतो. मूळ कागद मात्र कोणालाही देऊ नका, दाखवा आणि परत घ्या. फी बाकी आहे म्हणून तुमची मूळ प्रमाणपत्रं कॉलेजने अडकवून ठेवणं विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या अधिसूचनेत बसत नाही.

६. उत्पन्नाचा दाखला: इथे सगळे अडकतात

अडचण अशी. तहसीलदारांचा दाखला गेल्या आर्थिक वर्षाचं उत्पन्न सांगतो. तुमच्यावरचं संकट या वर्षीचं. वडील गेल्या मार्चपर्यंत कामावर होते, तर दाखल्यावर त्यांचा पूर्ण पगार दिसतो आणि समोरचा म्हणतो, "तुम्ही मर्यादेत बसत नाही." कागद खरा असतो, पण आजची परिस्थिती त्यात नसते.

याला उपाय एकच, दाखल्याला पुरवणी जोडायची. मृत्यू दाखला किंवा काम बंद झाल्याचं मालकाचं पत्र. वडील मच्छीमार असतील तर मच्छीमार सहकारी संस्थेचं पत्र. सोबत सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी किंवा पोलीस पाटील यांचं, "सध्या या कुटुंबात कमावती व्यक्ती नाही" असं तारखेसह स्पष्ट लिहिलेलं पत्र. आणि तुमची स्वयंघोषणा: आधी घरात महिन्याला किती यायचे, आता किती येतात, कशातून येतात. कॉलेज, ट्रस्ट आणि ज्ञातिसंस्था हे मान्य करतात. सरकारी शिष्यवृत्तीच्या पोर्टलला पुरवणी कळत नाही, तिथे दाखल्यावरचा आकडाच चालतो. म्हणून तातडीच्या मदतीसाठी पोर्टलवर अवलंबून राहू नका.

दाखला काढताना:

- सेतू किंवा आपले सरकार सेवा केंद्रात अर्ज द्या आणि पोचपावती घ्या. लोकसेवा हक्क कायद्याखाली या दाखल्याला १५ दिवसांची मुदत आहे. पावतीवरच्या रकमेपेक्षा एक रुपया जास्त देऊ नका.
- "पाचशेचा स्टॅम्प पेपर आणा" असं कोणी सांगितलं तर नम्रपणे नाही म्हणा. शासकीय कार्यालयात द्यायच्या अशा प्रतिज्ञापत्रांचं मुद्रांक शुल्क माफ आहे.
- वडिलांच्या मृत्यूनंतर दाखला आईच्या नावाने काढायचा असतो. शिधापत्रिकेत कुटुंबप्रमुखाचं नाव आधी बदलून घेतलं तर हे काम सरळ होतं.
- गणपतीच्या आधीचा आठवडा आणि नंतरचा आठवडा हिशोबातून वगळा. टेबलावर माणूस असला तरी मन घरी मखरात असतं.

७. कॉलेजबाहेरची दारं

सगळी दारं सगळ्यांसाठी नाहीत. तुमचं संकट कुठलं आहे त्यावर ठरतं.

*शेतकरी कुटुंबात अपघात:* गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना. अपघाती मृत्यूला २ लाख रुपये. वय १० ते ७५ पर्यंत. झाडावरून पडणं, सर्पदंश, वीज, रस्ता अपघात यात येतात. आजारपणाने आलेला मृत्यू येत नाही. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे, ३० दिवसांच्या आत. कोकणातली खास अडचण म्हणजे सातबारा. जमीन अजून पणजोबांच्या नावावर, त्यात चौदा वारस, त्यातले नऊ मुंबईत. वारसनोंद झालेली नसेल तर तलाठ्यांकडे त्याच आठवड्यात अर्ज टाका. तोवर कृषी कार्यालयात मूळ अर्ज मुदतीत देऊन ठेवा, कागद नंतर पुरवता येतात.

*बोटीवरचा अपघात:* प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेखाली मच्छीमारांना समूह अपघात विमा असतो, मृत्यू किंवा कायमच्या पूर्ण अपंगत्वाला ५ लाख. नाव विम्यात आहे का ते संस्थेच्या सचिवांना किंवा सहायक मत्स्य आयुक्तांच्या कार्यालयात विचारा. खलाशी म्हणून दुसऱ्याच्या बोटीवर जाणाऱ्यांची नावं गळालेली असतात. हा लेख वाचणाऱ्याचे वडील आज सुखरूप दर्यावर असतील, तर आजच नाव तपासून घ्या.

*दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबातला कमावता गेला:* राष्ट्रीय कुटुंब लाभ योजना. त्याचं वय १८ ते ५९ असेल तर एकरकमी २० हजार. अर्ज तहसील कार्यालयात. रक्कम लहान, पण एका सत्राची फी निघते.

*घरात मोठं आजारपण:* मुख्यमंत्री सहायता निधीतून उपचारासाठी मदत मिळते; वार्षिक उत्पन्न १ लाख ६० हजारांच्या आत हवं आणि पैसे थेट रुग्णालयाला जातात. रुग्ण दाखल असतानाच अर्ज करा. बिल भरून झालं, मग अर्ज केला, असं चालत नाही. त्याआधी महात्मा फुले जन आरोग्य योजनेत उपचार बसतो का ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा. मुंबईला न्यायची वेळ आली तर सिद्धिविनायक मंदिर न्यासही उपचारासाठी मदत करतो. यात शिक्षण कुठे आलं, असं वाटेल. उपचारावर घरचे पैसे जेवढे कमी जातील तेवढी तुमची फी वाचते.

*आई-वडील दोघंही नाहीत आणि तुम्ही डिप्लोमा किंवा इंजिनिअरिंगला आहात:* अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची (एआयसीटीई) स्वनाथ शिष्यवृत्ती, वर्षाला ५० हजार.

*खासगी शिष्यवृत्त्यांपैकी* एचडीएफसी बँकेची परिवर्तन शिष्यवृत्ती संकटात सापडलेल्यांसाठी बघण्यासारखी आहे. कुटुंबाचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत हवं आणि गेल्या तीन वर्षांत घरावर आपत्ती आलेल्यांना प्राधान्य असतं. ताबडतोब पैसे मिळत नाहीत, पण पुढच्या वर्षाची सोय होऊ शकते.

महाडीबीटीच्या नेहमीच्या योजना (राजर्षी शाहू शुल्क शिष्यवृत्ती, पोस्ट मॅट्रिक, वसतिगृह भत्ता, व्यावसायिक अभ्यासक्रमांतल्या मुलींची शुल्कमाफी) इथे समजावत बसत नाही. त्या भरलेल्या नसतील आणि पोर्टल चालू असेल तर भरा. भरलेल्या असतील तर लॉगिन करून अर्ज "परत पाठवला" या अवस्थेत अडकलाय का ते बघा. कॉलेजच्या लॉगिनमधून परत आलेला अर्ज तुम्ही दुरुस्त करेपर्यंत तिथेच पडून राहतो.

दोन नावं ऐकून धावपळ करू नका. राजीव गांधी विद्यार्थी अपघात सुरक्षा योजना बारावीपर्यंतच आहे. बालसंगोपन योजना १८ वर्षांपर्यंत. धाकटं भावंड शाळेत असेल तर मात्र त्याच्यासाठी बालसंगोपनाचा अर्ज नक्की करा, महिन्याला २,२५० रुपये मिळतात.

८. गावाचं मुंबई मंडळ

कोकणात ही वाट सरकारी वाटेपेक्षा लवकर पोचते, हे माझं स्पष्ट मत आहे. जवळजवळ प्रत्येक गावाचं, कित्येकदा प्रत्येक वाडीचं मुंबईत मंडळ असतं. त्यांच्याकडे वर्गणीचा निधी असतो आणि शिक्षणासाठी मागितलेल्या पैशाला सहसा कोणी विरोध करत नाही. याशिवाय ज्ञातिसंस्था: कुणबी, भंडारी, वैश्य, मराठा, गाबित, बौद्धजन, मुस्लिम जमात, प्रत्येकाची कुठेतरी शैक्षणिक मदतीची व्यवस्था असते.

मंडळाचे पदाधिकारी गणपतीला आणि शिमग्याला गावात येतात आणि बैठक तेव्हाच होते. तोंडी सांगू नका, पाचव्या पायरीतला अर्जच मंडळाच्या अध्यक्षांच्या नावाने द्या, सोबत कॉलेजचं बोनाफाईड आणि बाकी फीचं पत्र जोडा. रक्कम थेट कॉलेजच्या नावे चेकने द्या, असं तुम्हीच सुचवा. देणाऱ्याचा विश्वास बसतो आणि गावात "पैसे कुठे गेले" ही कुजबुज होत नाही. मुंबईतले ट्रस्टही बहुधा असाच कॉलेजच्या नावे चेक देतात. त्यांचे अर्ज जून-जुलैत घेतले जातात, डिसेंबरनंतर गेलात तर त्या वर्षीचा निधी संपलेला असतो.

हात पसरल्यासारखं वाटतं, हे मला माहीत आहे. आमच्या घरात यावरून भांडण झालं. शेवटी आईने वडिलांना सांगितलं, की गावच्या पालखीला इतकी वर्षं वर्गणी आपणच देत आलोय ना.

९. बँक खातं आजच तपासा

मंजूर झालेली मदत खात्याच्या चुकीमुळे परत गेली, असं होतं आणि खूप होतं.

- सरकारी मदत आधारशी जोडलेल्या खात्यात जाते. दोन-तीन खाती असतील तर आधार शेवटचं कुठल्या बँकेशी जोडलंय ते बघा. तुम्ही अर्जात लिहिलेला नंबर वेगळा असला तरी पैसे तिकडेच जातील.
- विदर्भ कोकण ग्रामीण बँक १ मे २०२५ पासून महाराष्ट्र ग्रामीण बँकेत विलीन झाली. जुन्या पासबुकावरून आयएफएससी कोड उतरवू नका, शाखेतून चालू कोड लिहून घ्या.
- शाळेत असताना उघडलेलं अज्ञान (अल्पवयीन) खातं अठरा पूर्ण झाल्यावर बदलून घ्यावं लागतं. केवायसी थकली असेल तर खातं गोठलेलं असतं.
- वडिलांबरोबरचं संयुक्त खातं देऊ नका, विशेषतः वडील नसतील तेव्हा.

१०. फसवणूक आणि कर्जाची ॲप्स

"तुमची पन्नास हजारांची शिष्यवृत्ती मंजूर झाली, प्रक्रिया शुल्क भरा" असा फोन आला की ठेवून द्या. मदत देणारा पैसे मागत नाही, ओटीपी तर नाहीच नाही. गावातल्या एखाद्या "साहेबांच्या ओळखीच्या" माणसाने टक्केवारी मागितली तर तेही तसंच.

दहा मिनिटांत कर्ज देणाऱ्या ॲपला हात लावू नका. पाच हजार घेतले की फोनमधले सगळे नंबर त्यांच्या हातात जातात आणि वसुलीचे फोन तुमच्या मामीपासून प्राध्यापकांपर्यंत सगळ्यांना जातात. उसने घ्यायचेच असतील तर पतपेढीतून घ्या किंवा नातेवाईकाकडून लिखापढी करून घ्या.

११. नाही म्हटलं किंवा काहीच म्हटलं नाही तर

अर्ज दिल्यापासून पंधरा दिवसांनी आवक क्रमांक सांगून विचारा. चिडू नका, कारण विचारा आणि ते लेखी मागा. "निधी शिल्लक नाही" हे कारण खरं असू शकतं. मग पुढच्या आर्थिक वर्षात, एप्रिल-मेमध्ये, तोच अर्ज नव्या तारखेने द्या.

परीक्षा अर्ज रोखला, मूळ कागद अडवले किंवा आलेली शिष्यवृत्ती दिली नाही, असं झालं तर कॉलेजच्या विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे लेखी जा. अनुदान आयोगाच्या २०२३ च्या नियमांप्रमाणे प्रत्येक संस्थेत ही समिती असावी लागते आणि तिने १५ कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो. त्यानेही भागलं नाही तर विद्यापीठाच्या लोकपालांकडे अपील करता येतं. इतक्या लांब जायची वेळ क्वचित येते. समितीचं नाव अर्जात दिसलं की बरेचदा कार्यालयातूनच बोलावणं येतं.

आणि मदत मिळाली तर त्या आठवड्यात फी भरल्याची पावती निधी देणाऱ्याकडे स्वतः नेऊन द्या, दोन ओळींच्या आभाराच्या पत्रासह. पुढच्या सत्रात पुन्हा मागायची वेळ आली तर तीच फाईल उघडली जाते.